नव्या भुंगेऱ्याची चतुःसीमा

‘जंगलात भुंगेऱ्याची नवी प्रजाती सापडली’ अशी बातमी अधूनमधून वाचायला मिळते. सोबत एक सुंदर फोटो असतो, आणि आपल्या डोळ्यांपुढे चित्र उभे राहते: पाठीला पिशवी लावलेला संशोधक ओल्या रानात एक पान उलटतो, खाली चमचमता किडा दिसतो आणि शोध लागतो.

असे क्वचित घडतेही. पण बऱ्याचदा तो किडा कधीचाच पकडलेला असतो. कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी रानात गेलेले असताना तो जाळ्यात आलेला असतो आणि संग्रहालयातल्या लाकडी खणात, टाचणीवर, डांबरगोळ्यांच्या वासात वर्षानुवर्षे पडून असतो. पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातल्या अभ्यासकांनी २०१२ साली याचा हिशेब मांडला होता. नमुना गोळा झाल्यापासून ती नवी जात म्हणून छापून येईपर्यंत सरासरी २१ वर्षे जातात, असे त्यात निघाले. म्हणजे ‘नवा’ भुंगेरा जाहीर होतो तेव्हा त्याला पकडणारा पोरगा कदाचित दोन पोरांचा बाप झालेला असतो.

मग मधल्या काळात अडते कुठे? किडा हातात असूनही तो नवा आहे हे म्हणायला एवढे काय करावे लागते? हे समजून घ्यायला शिपाई भुंगेरे फार चांगले. ते एकमेकांसारखे इतके दिसतात की भल्याभल्यांना चकवतात.

आपल्याकडे भुंगेरा म्हटला की शेतकऱ्याला आधी हुमणी आठवते. वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर जमणारे ते जाड, तपकिरी, टणक पाठीचे किडे. शिपाई भुंगेरे अगदी उलटे. अंग लांबट, आणि पाठीवरचे कवचपंख इतके मऊ की चिमटीत धरले तर वाकतात. यातल्या काही युरोपीय जातींच्या काळ्या-तांबड्या रंगावरून इंग्रजांना आपल्या लाल डगलेवाल्या पलटणींची आठवण झाली आणि त्यांनी या किड्यांना सोल्जर बीटल म्हटले. मी इथे शिपाई म्हणतोय तो त्या पलटणीतला, ऑफिसात घंटी वाजवल्यावर येणारा नव्हे.

जगभरात त्यांच्या ५,००० हून जास्त जातींना नावे मिळाली आहेत. पूर्ण वाढलेले भुंगेरे फुलांवर बसतात, परागकण आणि मध खातात, जमेल तेव्हा झाडांवरचा मावाही फस्त करतात. अळ्या मखमली लव असलेल्या, जमिनीवरच्या पाचोळ्यात शिकार करत फिरणाऱ्या. आणि एक नाते आपल्याला जवळचे वाटेल असे: काजवा यांचा चुलतभाऊ. काजव्याच्या पोटातला दिवा काढून घेतला आणि त्याला दिवसा फुलांवर बसवले, तर बरेचसे शिपाई भुंगेऱ्यासारखेच दिसेल.

पुढे जाण्याआधी शब्दांची एक गाठ सोडवून घेऊ. वर्तमानपत्रे ‘प्रजाती’ म्हणतात तेव्हा त्यांना शेवटची, सर्वांत छोटी पायरी म्हणायची असते. मराठी विश्वकोशात मात्र त्या पायरीला ‘जाती’ म्हटले आहे आणि तिच्या वरच्या पायरीला ‘प्रजाती’. मी विश्वकोशाचीच बाजू घेतो. शास्त्रीय नावाचे दोन शब्द असतात. पहिला प्रजातीचा, दुसरा जातीचा. शाळेच्या हजेरीपटासारखे: आडनाव आधी, मग पोराचे नाव. ‘कँथॅरिस फुस्का’ या युरोपातल्या शिपायाच्या नावात कँथॅरिस हे आडनाव, आणि फुस्का म्हणजे काळपट.

हे फुस्का नाव लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने १७५८ साली दिले, त्याच्या प्रसिद्ध ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत. प्राण्यांच्या नावांचा सगळा कारभार त्या ग्रंथापासून सुरू झाला असे मानतात. त्याआधीची नावे कितीही चांगली असली तरी धरत नाहीत. लिनियसने या भुंगेऱ्याचे वर्णन लॅटिनमध्ये एका ओळीत उरकले आहे. तिचा आशय असा: छातीची पाठ कडा असलेली व तांबडी, तिच्यावर काळा डाग, कवचपंख काळपट.

आणि त्याच स्वीडनमध्ये ४९ वर्षांनी, १८०७ साली, कार्ल फ्रेड्रिक फॅलेन या कीटकशास्त्रज्ञाने दाखवले की त्या ओळीत बसू शकतील असे दोन वेगवेगळे भुंगेरे फिरताहेत. दोन्ही जवळपास सारख्याच मापाचे, दोन्हींची छाती तांबडी, दोन्हींवर काळा डाग. फरक बारीक आहे. फुस्कामध्ये तो डाग छातीच्या पुढच्या कडेला टेकलेला असतो आणि पाय काळे असतात. दुसऱ्यात डाग मधोमध असतो, साधारण पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा, आणि मांड्यांवर तांबडा रंग दिसतो. या दुसऱ्याला फॅलेनने कँथॅरिस रुस्टिका म्हटले. रुस्टिका म्हणजे खेड्यातली, गावरान.

नवी जात म्हणजे काय, ते इथे पूर्ण दिसते. रुस्टिका १८०७ मध्ये जन्मली नाही, कुठल्या बेटावरूनही आली नाही. ती लिनियसच्या अंगणातही असणार. फॅलेनने केले ते एवढेच की ‘एक’ समजलेल्या वस्तूत ‘दोन’ आहेत हे म्हटले, आणि ते कसे ओळखायचे हे असे लिहून ठेवले की वाचणाऱ्याला स्वतः तपासता यावे.

मग डाग पाहिला की झाले काम? नाही ना. याच प्रजातीतली लिव्हिडा घ्या. तिचे काही भुंगेरे अंगभर पिवळट असतात, तर काहींचे कवचपंख चक्क काळे. दोन रंगांचे दोन किडे शेजारी ठेवले तर नवखा माणूस शपथेवर सांगेल की या दोन जाती. पण जात एकच. म्हणजे एका ठिकाणी अर्ध्या मिलिमीटरने सरकलेला डाग जात बदलतो, आणि दुसऱ्या ठिकाणी अख्ख्या पाठीचा रंग बदलूनही जात तीच राहते. एकटा किडा बघून हे कळत नाही. पन्नास-शंभर नमुने, नर आणि माद्या, वेगवेगळ्या गावांचे, एका रांगेत लावावे लागतात. मग दिसते की काही लक्षणांत पिवळ्यापासून काळ्यापर्यंत सगळ्या छटा सलग मिळतात, आणि काही लक्षणांत मध्ये स्वच्छ फट आहे. फट सापडली तर बोलायचे. या कामाला वेळ लागतो. शिवाय जगात हे किडे नीट ओळखणारी माणसे थोडी, तेव्हा खण वाट बघत राहतात.

रंगाने असे दगा दिल्यावर अभ्यासक आणखी आत जातात. हा भाग बातम्यांत कधी येत नाही, कारण तो सांगताना थोडे अवघडल्यासारखे होते. भुंगेऱ्यांच्या बहुतेक कुळांत जात ठरवणारा सर्वांत भरवशाचा अवयव म्हणजे नराचे जननेंद्रिय. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन जातींत ते साफ वेगळे निघू शकते. अंगाच्या इतर भागांपेक्षा हा अवयव उत्क्रांतीत वेगाने बदलतो, त्यामुळे दोन गट वेगळे झाले की आधी इथे खूण उमटते.

ते बघायचे कसे? वाळलेला भुंगेरा कोमट पाण्यात मऊ करायचा. पोटाचा भाग अलगद सुटा करायचा. तो कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवला की मांस विरघळते आणि कडक भाग तेवढा शिल्लक राहतो. मग तो ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पुढून, मागून, बाजूने पाहायचा आणि त्याची चित्रे काढायची. दहा मिलिमीटरच्या किड्याचा हा अवयव मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा. आणि मॅल्थोडीस नावाच्या प्रजातीतले शिपाई तर अख्खेच दोन-तीन मिलिमीटरचे असतात. त्यांच्या नरांच्या पोटाच्या टोकाला आकडे, फाटे आणि कमानी असतात, त्यावरूनच जात ठरते. हात थरथरला की तीस वर्षे जपलेला एकुलता एक नमुना गेला. माद्यांमध्ये पोटाच्या शेवटच्या पट्टीची कड आणि शुक्राणू साठवायच्या पिशवीचा आकार बघतात. शिवाय पायांची नखे: साधी आहेत, दात असलेली आहेत, की टोकाला दुभंगलेली.

शिपाई भुंगेऱ्यांच्या बाबतीत एक जादा कटकट आहे. अंग मऊ असल्याने वाळताना ते आक्रसतात, पिचतात. हुमणीचा भुंगेरा शंभर वर्षांनीही कालच पकडल्यासारखा दिसतो. शिपाई मात्र सुकलेल्या आमसुलासारखा.

एवढे करून फट पक्की दिसली की लिहायला बसायचे. या लिखाणाची रचना मला नेहमी आपल्या जमिनीच्या खरेदीखतासारखी वाटते. खरेदीखतात जमिनीची चतुःसीमा लिहिलेली असते: पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट. जमीन कशी आहे यापेक्षा ती शेजारच्या जमिनीपासून कुठे वेगळी होते हे त्यात महत्त्वाचे. नव्या जातीच्या लेखातही असा एक परिच्छेद असतोच. ही जात अमक्या जातीसारखी दिसते, पण तिच्या मिशा अधिक लांब; तमक्या जातीपासून वेगळी, कारण नखे दुभंगलेली नाहीत. १९३० नंतर दिलेल्या नावांना अशी वेगळेपणाची लक्षणे शब्दांत मांडणे सक्तीचे झाले. त्याच्याखाली लांबलचक, कंटाळवाणे वर्णन येते. डोके, मिशा, छाती, पंख, पाय, क्रमाने, मापांसकट. ते कुणी आवडीने वाचत नाही. पण भांडण लागले की सगळे तिथेच येतात.

आता खरी मेख. समजा शेजाऱ्याने उद्या दाखवले की तुम्ही एक समजलेल्या जातीतच पुन्हा दोन जाती आहेत. तुम्ही दिलेले नाव कुणाकडे जाणार? यासाठी एक युक्ती आहे. नवी जात जाहीर करताना हाताशी असलेल्या नमुन्यांतला एक निवडायचा आणि लिहून टाकायचे की हे नाव याला बांधले. त्याला होलोटाइप म्हणतात. बहुतेक संग्रहालयांत त्याच्या टाचणीला लाल चिठ्ठी लावतात. हा जातीतला सर्वांत सुंदर किंवा सर्वांत ठरावीक किडा असलाच पाहिजे असे नाही. शेतात ठोकलेला खुंटा समजा. खुंटा बांधावर नसतो, शेतात कुठेही असू शकतो. पण वाटणी झाली तर ज्या तुकड्यात खुंटा, त्या तुकड्याला जुने नाव. दुसऱ्या तुकड्याला नवे नाव शोधायचे. २००० पासून लागू झालेल्या नियमांनुसार हा खुंटा कुठला आणि कुठल्या संग्रहात ठेवला आहे हे लिहिल्याशिवाय नवी जात ग्राह्यच धरत नाहीत.

टाचणीवर किड्याच्या खाली एक-दोन चिठोऱ्या असतात. गाव, उंची, तारीख, पकडणाऱ्याचे नाव. चिठोरी हरवलेला किडा म्हणजे सातबारा नसलेली जमीन. बघायला छान, कामाला शून्य.

हे खुंट्याचे शहाणपण यायला वेळ लागला. लिनियसच्या काळी असली पद्धत नव्हती. त्याचा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर एका इंग्रजाने १७८४ साली विकत घेतला आणि आज तो लंडनच्या लिनियन सोसायटीत जपून ठेवला आहे. त्या एका ओळीच्या वर्णनांचे कोडे सुटत नाही तेव्हा लोकांना तिथले किडे पाहावे लागतात. आणि या भुंगेऱ्यांच्या बाबतीत डोकेदुखी झालेला दुसरा माणूस म्हणजे मॉरिस पिक. १८६६ ते १९५७ असे दीर्घ आयुष्य लाभलेल्या या फ्रेंच माणसाने भुंगेऱ्यांच्या हजारो जातींना नावे दिली, त्यातली पुष्कळशी स्वतःच छापलेल्या पत्रिकेत, दोन-चार ओळींत, चित्राविना. आशियातल्या कितीतरी शिपायांना त्यानेच नावे दिली आहेत. त्यामुळे आज चीनमध्ये कुणाला नवा शिपाई सापडला असे वाटले, की आधी पॅरिसच्या खणांतले पिकचे नमुने तपासावे लागतात. न जाणो, हा ‘नवा’ पिकने शंभर वर्षांपूर्वीच दोन ओळींत उरकलेला असायचा. तसे निघाले तर जुनेच नाव खरे. नियम साधा आहे: आधी छापले त्याचे नाव. काम किती ओबडधोबड केले याला गुण नाहीत. मला हा नियम पिकच्या बाबतीत थोडा अन्यायी वाटतो, पण दुसरा कुठलाही नियम लावला असता तर रोज मारामाऱ्या झाल्या असत्या.

नाव ठेवण्याचा भाग सगळ्यांना आवडतो, आणि मराठी माणसाला तो इंग्रजापेक्षा लवकर कळावा. लॅटिनमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगे आहेत. आपण काळा बैल, काळी म्हैस, काळे कुत्रे म्हणतो. तिकडे फुस्कस, फुस्का, फुस्कम. कँथॅरिस हे आडनाव स्त्रीलिंगी, म्हणून तिच्या पोरी फुस्का, रुस्टिका, लिव्हिडा. पुरुषाच्या सन्मानार्थ नाव दिले तर शेवटी ‘आय’ हे अक्षर लागते, बाईच्या सन्मानार्थ ‘ए’ आणि ‘ई’, गावावरून असेल तर बहुधा ‘एन्सिस’. समजा भीमाशंकरला नवा शिपाई मिळाला, तर त्याला ‘भीमाशंकरेन्सिस’ म्हणता येईल, फक्त लिहावे लागेल रोमन लिपीत. स्वतःचेच नाव ठेवायला नियमांची बंदी नाही. मात्र तसे करणाऱ्याकडे बाकीचे लोक, लग्नात स्वतःच स्वतःला आहेर करणाऱ्याकडे बघावे तसे बघतात.

नावापुढे माणूस आणि साल लिहिलेले असते, आणि कधीकधी ते कंसात असते. त्या कंसाला अर्थ आहे. ऱ्हॅगोनिका फुल्व्हा हा युरोपात उन्हाळ्यात छत्रीसारख्या पांढऱ्या फुलांवर जोडीजोडीने बसलेला नारिंगी शिपाई. तो सतत मीलनातच मग्न दिसतो, म्हणून इंग्रजांनी त्याला ठेवलेली टोपणनावे इथे देण्यासारखी नाहीत. त्याचे नाव असे लिहितात: ऱ्हॅगोनिका फुल्व्हा (स्कोपोली, १७६३). कंस सांगतो की स्कोपोलीने नाव दिले तेव्हा आडनाव दुसरे होते. त्याने याला कँथॅरिस म्हटले होते. पुढे दुभंगलेल्या नखांवरून वेगळे घराणे काढले गेले आणि हा तिकडे दत्तक गेला.

एकदा छापलेले नाव सहसा हलत नाही, चुकीचे असले तरी. उत्तर अमेरिकेतल्या एका शिपायाला चार्ल्स डी गीरने १७७४ साली पेनसिल्व्हेनियावरून नाव दिले, पण त्या प्रांताच्या नावात जिथे दोन ‘एन’ लिहितात तिथे याने एकच लिहिला. आज अडीचशे वर्षांनीही चॉलिओग्नॅथस पेनसिल्व्हानिकस एकाच ‘एन’ने लिहायचा. दुसरा घातलात तर तुम्ही चुकलात.

याहून मोठा घोळ खुद्द कँथॅरिस या नावात आहे. प्राचीन ग्रीक लोक हा शब्द वापरत ते अंगावर फोड आणणाऱ्या किड्यांसाठी. आपल्याकडे भेंडीच्या, तुरीच्या फुलांवर काळ्या-नारिंगी पट्ट्यांचे भुंगेरे बसतात, तेही याच जळजळीत कुळातले. त्या फोड आणणाऱ्या रसायनाला कँथॅरिडिन म्हणतात. ते १८१० साली रॉबिके या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने वेगळे केले. पण लिनियसने कँथॅरिस हे नाव निरुपद्रवी शिपायांना देऊन टाकले होते, आणि खऱ्या फोडवाल्याला दुसऱ्याच प्रजातीत बसवले होते. परिणामी कँथॅरिस भुंगेऱ्यात कँथॅरिडिन नसते. त्याच्या अंगच्या ग्रंथींतून कडवट द्रव येतो आणि पक्षी त्याला टाळतात, पण ते रसायन वेगळे. नाव ही ओळखपाटी आहे, वर्णन नव्हे. शांताबाई शांत असल्याच पाहिजेत असे कुठे आहे?

तरीही पाटी लागलेली असली की पुढची माणसे तिच्यावर काम करू शकतात. त्याच पेनसिल्व्हानिकसला एक बुरशी लागते. ती भुंगेऱ्याला फुलावर नेते, तिथे तो जबड्याने फुलाला घट्ट धरतो आणि मरतो. १५ ते २२ तासांनी त्या मेलेल्या भुंगेऱ्याचे पंख आपोआप उघडतात, जणू उडायच्या बेतात आहे. उघड्या पोटातून बुरशीचे बीजाणू बाहेर पडतात. अमेरिकेतल्या आर्कान्सामध्ये पाहिलेला हा प्रकार २०१७ साली छापून आला. त्या बुरशीचे नाव मात्र १८८८ सालचे, आणि त्याचा अर्थ ‘काजव्यांची’. कारण त्या काळी शिपाई भुंगेरे काजव्यांच्याच कुळात धरले जात. दोन्ही जीवांच्या पाट्या ठरलेल्या होत्या म्हणून १८८८ ची नोंद आणि २०१७ चे निरीक्षण एकाच गोष्टीबद्दल आहे हे कळले.

आपल्या देशात या कामाला एक कायदेशीर अंगही आहे. जैविक विविधता कायदा, २००२ च्या ३९व्या कलमानुसार नवी जात शोधणाऱ्याने ती नेमून दिलेल्या संस्थेला कळवायची आणि नमुना तिथे जमा करायचा असतो. १९१६ साली स्थापन झालेली भारतीय प्राणी सर्वेक्षण ही अशीच संस्था. तिचे मुख्यालय कोलकात्याला आहे आणि पश्चिम विभागाचे केंद्र पुण्याला आकुर्डीत. खुंटा परदेशात आणि शेत इथे, असा प्रकार हिमालयातल्या भुंगेऱ्यांच्या बाबतीत पूर्वी सर्रास झाला आहे. पिकच्या खणांसाठी पॅरिस गाठावे लागते, तसे भूतानच्या शिपायांसाठी स्वित्झर्लंडमधले बाझेल गाठावे लागते, कारण तिथल्या संग्रहालयाची मोहीम १९७२ साली भूतानात किडे गोळा करून आली होती.

हल्ली यात डीएनएची भर पडली आहे. कॅनडातल्या पॉल हेबर्टने २००३ मध्ये सुचवले की दुकानातल्या बारकोडसारखा एका ठरावीक जनुकाचा, साधारण ६५० अक्षरांचा तुकडा वाचून जात ओळखता येईल. भुंगेऱ्याचा एक पाय तोडून दिला की पुरते. त्यामुळे आता कित्येक लाल चिठ्ठीवाले शिपाई पाच पायांचे असतात. बारकोड दोन गटांतली फट झटकन दाखवतो, पण त्या फटीला जात म्हणायचे का हे तो सांगत नाही. ते ठरवायला पुन्हा टाचणी, पोटॅश आणि ग्लिसरीनच लागते.

मात्र एका कामात त्याला तोड नाही. खणातले नमुने बहुतेक पूर्ण वाढलेल्या भुंगेऱ्यांचे. नाव मिळते ते त्यांना, त्यातही नराला. पाचोळ्याखाली गोगलगाई आणि गांडुळे मारत हिंडणाऱ्या मखमली अळ्या मात्र कुणाच्या हे बघून सांगता येत नाही. युरोपात कँथॅरिस फुस्काच्या अळ्या भर थंडीत बर्फावर येऊन रांगताना दिसतात, आणि त्या आकाशातून बर्फाबरोबर पडल्या असे लोकांना वाटे. पूर्वी अशी अळी कुणाची हे कळायला ती पाळावी लागे, ती मरू न देता कोषात जाऊ द्यावी लागे आणि भुंगेरा बाहेर पडेपर्यंत थांबावे लागे. आता तिच्या अंगाचा एक कण आणि खणातल्या शिपायाचा तो तुटका पाय शेजारीशेजारी वाचले, की ती कुणाच्या घरची ते निघते.